सत्कार पुरे झाले, आता त्यांना कपडे धुऊ द्या

पत्र:

ताई, जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापक आहे. यंदा आमच्याकडे तीन परदेशी विद्यार्थी आलेत. टांझानियाचा एक मुलगा एम.एस्सी.ला, जर्मनीची एक मुलगी देवाणघेवाणीच्या योजनेतून एका सत्रापुरती, आणि नेपाळचा एक मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. माझं इंग्रजी बरं म्हणून प्राचार्यांनी तिघांना माझ्या ओटीत घातलं. आम्ही काही कमी केलं नाही. स्टेशनवर ढोल, फेटे, शाल-श्रीफळ, पेपरात फोटो, अजिंठा, गांधीतीर्थ, भरीत पार्टी, सगळं झालं. आता दोन महिने झालेत. जर्मनीची मुलगी दार लावून खोलीत बसते. टांझानियाचा मुलगा मेसमध्ये अर्ध्या ताटावरून उठतो, परवा तर वर्गात न येता दिवसभर झोपून होता. नेपाळच्या मुलाचं तेवढं छान चाललंय, त्याची काही तक्रार नाही. सहकारी म्हणतात, 'एवढं करूनही यांचं तोंड वाकडंच.' मलाही आतून तसं वाटायला लागलंय आणि त्याची लाज वाटते. कुठे चुकतंय?
– एक प्राध्यापिका

उत्तर:

प्रिय मॅडम,

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

धुळ्याला मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हाची गोष्ट. श्रीलंकेहून एक मुलगी शिकायला आली. मी तिला तळहातावर झेललं. हळदीकुंकू, नवरात्राची आरास, स्नेहसंमेलन, शेजारच्या शाळेतलं बक्षीसवाटप, जिथे म्हणाल तिथे तिला नऊवारी नेसवून पुढच्या रांगेत बसवलं. ती हसायची, मी खूश. एका रविवारी सकाळी तिच्या दारावर थाप मारून म्हटलं, 'चल, आवर लवकर, आपल्या एका मॅडमकडे वास्तुशांत आहे, तुला मुद्दाम बोलावलंय.' ती दारात उभी, हातात बादली. म्हणाली, 'मॅडम, आज मी फक्त कपडे धुऊ का?'

इतक्या अदबीने विचारलं पोरीने की ती मला वैतागलीय हे कळायलाच मला दोन दिवस लागले. मग कॅलेंडर काढून मोजलं. दीड महिन्यात एकही रविवार तिचा म्हणून तिला मिळाला नव्हता.

तुमच्याकडेही हेच झालंय, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तुम्ही कमी केलं नाहीत हे खरंच आहे. तुम्ही स्वागत सुरू केलंत ते थांबवलंच नाहीत. आपल्याकडे पाहुणा आला की त्याने जागचं हलायचं नाही. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, 'नको' म्हटलं की त्यावर आणखी एक बट्टी आणि तुपाची धार. पाहुण्याला हे सुख दोन दिवस गोड लागतं, कारण तिसऱ्या दिवशी त्याची गाडी असते. या पोरांत एकीची गाडी सहा महिन्यांनी आहे, दोघांची तर दोन-तीन वर्षांनी. तोवर त्यांनी फेटा बांधून बसायचं का?

आता त्या उतरलेल्या तोंडाविषयी. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिस्गोर यांनी १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांना त्यांनी तिथले अनुभव विचारले होते. सहा महिन्यांच्या आत परतलेले खूश होते, सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रमले होते, आणि त्याहून जास्त राहिलेले पुन्हा बरे होते. आधी वर, मग खोल खाली, मग हळूहळू वर. नंतरच्या अभ्यासकांनी या आलेखाला बरेच फाटे फोडले. काहींना पहिल्याच दिवसापासून जड जातं, काहींना कधीच जात नाही. पण मधे एक खड्डा येऊ शकतो एवढं लक्षात ठेवायला तो पुरेसा आहे. नॉर्वे आणि अमेरिका म्हणजे तर आपल्या मानाने एकमेकांच्या जवळचे देश, तरी हे हाल. तुमची पोरं दोन महिन्यांतच खाली आली, यात ढोलाचा हात असणार. फार उंच चढवलं होतं तुम्ही.

त्यामुळे सहकाऱ्यांचं ते वाक्य, 'एवढं करूनही', त्याला मनात जागा देऊ नका. तुमचं करणं आणि त्यांचं उतरणं यांचा उपकार-अपकाराशी संबंध नाही.

जर्मनीच्या मुलीपासून सुरुवात करू, कारण तिचं काम सोपं आहे. तिला दार लावून बसू द्या. आपल्या बायकांना एकटं बसलेलं माणूस दिसलं की त्याला काहीतरी झालंय असंच वाटतं. 'एकटी का गं बसलीस?' हा प्रश्न आपण मायेने विचारतो, पण जिला एकटीला बसायचंच आहे तिच्याकडे त्याला उत्तर नसतं. रोज वाट्याला येणाऱ्या नजरा, फोटो, 'व्हिच कंट्री?' यांतून सुटायला त्या पोरीकडे त्या चार भिंतीच आहेत. ती वर्गात येते, जेवते, घरच्यांशी बोलते, तर ठीक चाललंय. रेक्टरबाईंना सांगा, दार वाजवायचं ते कामापुरतं. सेल्फीचं मात्र तुम्हालाच पुढे होऊन बंद करावं लागेल. तिने 'नाही' म्हणावं अशी अपेक्षा करू नका, ती तुमच्याकडे आलेली आहे, तिला वाईट दिसायचं नाहीये. वर्गात एकदा स्पष्ट सांगा: विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि 'नो' म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही.

आणखी एक. गावातला एखादा स्पोकन इंग्लिशवाला तिला 'आमच्या क्लासला या, तासाचे इतके देतो' म्हणत येईल, आलाही असेल. विद्यार्थी व्हिसावर पगारी काम करता येत नाही. त्याला तुम्हीच परस्पर वाटेला लावा.

आपल्या बोलण्याचीही एक गंमत आहे, तिच्यात ही मुलं सारखी ठेचकाळतात. आपण रस्त्यात भेटलेल्याला 'कुठे चाललात?' विचारतो, तो नमस्कार असतो. त्यांना ती चौकशी वाटते. 'जेवण झालं का?' हाही नमस्कारच. त्यांना ते आमंत्रण वाटतं, आणि 'नाही' म्हणून ती वाट बघत राहतात. सर्वांत वाईट म्हणजे 'या ना एकदा घरी'. आमच्या त्या श्रीलंकेच्या मुलीला असं किमान वीस जणींनी म्हटलं असेल. तिने वहीत नावं लिहून ठेवली होती. वीसपैकी दोघींनीच पुढे वार सांगितला. बाकीच्या अठरा जणींचं आपण काय बिघडवलं, असा प्रश्न ती मनात घेऊन होती हे मला ती जायच्या आदल्या दिवशी कळलं. तेव्हा स्टाफरूममध्ये सांगून टाका: बोलवायचं तर वार आणि वेळ सांगा, किती वाजता सोडायला येणार तेही सांगा. नसेल जमत तर बोलवू नका, काही अडत नाही. आणि घरी नेल्यावर सोफ्यावर बसवून टीव्ही लावू नका. शेंगा फोडायला द्या, भरिताची वांगी काड्यांच्या आगीवर धरायला द्या. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं, हे आपल्याला लग्नघरात पापड लाटताना माहीत असतं, फक्त परदेशी माणसासमोर आपण विसरतो.

घरगुती सणांचं आधी समजावून सांगा. आमच्या घरी कानबाईच्या सणातले प्रसादाचे रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. मी एकदा अशीच एका परगावच्या मुलीला हौसेने घेऊन गेले, आणि प्रसादाच्या वेळी ती एकटी अंगणात उभी. माझी सासू वाईट नव्हती, रीत तशी होती. पण आदल्या दिवशी दोन वाक्यं बोलले असते तर पोरगी अवघडली नसती.

टांझानियाच्या मुलाचं प्रकरण जरा खोल आहे. पहिली गोष्ट, तो दिवसभर झोपून होता तर आधी ताप बघा. पावसाळ्याचा शेवट आहे, डेंग्यू-मलेरियाचे दिवस आहेत. त्याला डॉक्टरकडे तुम्ही किंवा वर्गातलं कुणीतरी सोबत घेऊन जा. परक्या गावात, परक्या भाषेत केसपेपर काढणं हे आजारी माणसाचं काम नाही. रक्त चांगलं निघालं आणि तरी दोन आठवडे झोप, जेवण, अभ्यास सगळंच विस्कटलेलं राहिलं, तर 'उदास वाटतं का' असं सरळ विचारा. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, इंग्रजीतही बोलतात. क्रमांक त्याच्या फोनमध्ये तुमच्यासमोर टाकून घ्या. कागदावर लिहून दिलेले क्रमांक खिशातच धुतले जातात.

दुसरी गोष्ट जेवण. काळ्या मसाल्याची शेवभाजी आपल्यालाच हुशारीने खावी लागते, त्याला कुणी सांगितलं नसणार की तर्री बाजूला काढता येते. 'जेवण कसं आहे?' विचारलंत तर तो 'नाइस' म्हणेल. असे प्रश्नच विचारू नका. 'या आठवड्यात सर्वांत नकोसं काय झालं?' असं विचारा, म्हणजे त्याला तक्रार करायची परवानगी मिळते. आणि माझं ऐकाल तर त्याला आठवड्यातून एकदा मेसचा गॅस द्या. त्यांच्याकडचं रोजचं जेवण म्हणजे उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा करतात, आणि हाताने तोडून भाजीबरोबर, मटणाबरोबर खातात. मका आपल्याकडे कमी आहे का? सातपुड्यातली माणसं मक्याची भाकर खातातच. मेसवाल्या मावशी आधी कुरकुरतील, 'माझ्या सैपाकघरात कुणी नको' म्हणतील. पण पोरगा पीठ घोटायला लागला की त्या कडेला उभं राहणार आणि 'असं नाही, गुठळी होते' म्हणणार, हे मी लिहून देते. मावशींना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. गुठळी मोडायला दोन्ही लागत नाहीत.

भाषेवरून आठवलं. त्या मुलाची भाषा बहुधा स्वाहिली असेल. तिच्यात दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', चहाला 'चाय', रंगाला 'रांगी'. ख्यालीखुशाली विचारायची तर 'हबारी?' म्हणजे आपली खबरच. शेकडो वर्षं शिडाची गलबतं अरबी समुद्र ओलांडून ये-जा करत होती, त्यांच्यातून हे शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरले. वर्गात एक तास यावर घालवा. फळ्याच्या एका बाजूला त्याने लिहायचं, दुसऱ्या बाजूला मुलांनी. फेटा बांधून जे होत नाही ते 'दुका' आणि 'दुकान' शेजारी लिहून होतं. मुलं त्याला पहिल्यांदा ओळखीचा माणूस म्हणून बघतील.

हे मी मुद्दाम म्हणतेय, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती घडत असणार. त्याला बसस्टँडवर काय हाका मारतात, तुम्ही ऐकलंय? 'गेल', 'ब्राव्हो', 'काल्या'. पोरं म्हणतात गंमत केली. दिवसाला दहा वेळा अनोळखी माणसाने तुमच्या रंगावर केलेली गंमत तुम्ही किती दिवस हसून घ्याल? अशा 'गमती'च्या मागे काय साठत जातं ते आपण पाहिलंय: मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली, एका अफवेवरून पेटून. जळगाव म्हणजे नोएडा नाही हे मलाही कळतं. पण शिक्षकाने ऐकून न ऐकल्यासारखं करणं दोन्हीकडे सारखंच. आपल्या पोरांना हेही सांगा की ज्या 'हब्शी' शब्दाची ती शिवी करतात, त्याच हब्शांपैकी एक मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मोगलांना १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पुरून उरला. आजचं छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावावर वाढलं ते त्याने वसवलं. इतिहासाच्या सरांना हा तास घ्यायला सांगा, त्या मुलाला समोर बसवून नाही. त्याला सगळ्या आफ्रिकेचा वकील करू नका.

आता माझी खरी काळजी. ती नेपाळच्या मुलाची आहे. 'त्याचं छान चाललंय' असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्याच्या स्वागताला ढोल होता का हो? मला शंका आहे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी सुमारे ४७ हजार निघाले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, २८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे परदेशी विद्यार्थी म्हटला की खरं तर हाच चेहरा आपल्या डोळ्यांसमोर यायला हवा. पण त्याला व्हिसा लागत नाही, तो हिंदी बोलतो, पाट्या वाचतो (लिपी तीच ना!), म्हणून कुणाला तो परदेशी वाटतच नाही. वाटतो तो वॉचमन. 'ए बहादूर' अशी हाक त्याला होस्टेलमध्ये मिळत नसेल तर मी माझे शब्द मागे घेईन. पाटी वाचता येते पण अर्थ लागत नाही, ही स्थिती अजिबात न वाचता येण्यापेक्षा जास्त फसवी असते. सगळे धरून चालतात की याला कळलं. तक्रार नाही, म्हणजे तक्रार ऐकणारं कुणी त्याने अजून शोधलेलं नाही.

त्याच्यासाठी एक काम आहे, आणि ते वेळेत करायचं आहे. त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण दसैं. आपली घटस्थापना ती त्यांची घटस्थापना, पण तिथून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस चालतो. अख्खा नेपाळ गावी जातो. दशमीला घरातली मोठी माणसं कपाळावर टिळा लावतात आणि घटात उगवलेले जवाचे पिवळे कोंब कानामागे खोवतात. आपल्याकडे दसऱ्याला घटातले कोंब टोपीत खोवतातच की. तुमच्या महाविद्यालयाला दसऱ्याची एक दिवस सुट्टी असेल आणि बहुधा त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा. त्या मुलाला घरी जाता येत नसेल तर त्या दिवशी तो कुणाकडे तरी टिळा लावून घ्यायला जाऊ शकेल अशी व्यवस्था करा. तुमच्या घरात सासू-सासरे असतील तर प्रश्नच मिटला.

दिवाळीचं तर तिघांसाठीच. सुट्टी लागली की होस्टेल ओस, मेस बंद, वॉचमनसुद्धा गावी. आपल्या मुलांना वाटतं हे लोक फिरायला जात असतील. जात नाहीत, कारण तिकिटं महाग आणि माहिती शून्य. बिस्किटांवर दिवाळी काढलेली मुलं मला माहीत आहेत. आत्ताच, आजच, प्रत्येकाला विचारा: त्या दोन-तीन आठवड्यांत तू कुठे असणार, जेवणार काय? मेसवाल्यांशी डब्याचं आधी बोलून ठेवा. आणि कुणाच्या घरी राहायला नेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: परदेशी नागरिक घरी मुक्कामाला ठेवला की २४ तासांच्या आत त्याची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरावी लागते. लोक त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेल आणि होस्टेललाच नाही, घरालाही लागू आहे. घाबरायचं काही नाही, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती हाताशी ठेवायच्या.

कागदांचं बाकी चटकन सांगते, कारण ते तुमच्या कार्यालयाचं काम आहे आणि तुम्ही ते स्वतःवर घेऊ नये. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं, अर्ज ऑनलाइन. टांझानियाच्या मुलाची झालीय का, उद्या जाऊन बघा. व्हिसाची मुदत तुमच्या डायरीतही लिहा. आणि कुणा उत्साही पोराने स्वतःच्या नावावरचं सिम त्याला दिलं असेल तर ते परत करायला लावा; पुढे काही झालं तर दोघेही अडकतील. त्याच्या नावाचं सिम पासपोर्टवर मिळतं, फेऱ्या जास्त पडतात एवढंच. तोवर हा देश त्याच्यासाठी कुलूपबंद आहे, कारण आपल्याकडे सगळ्या कुलपांची किल्ली ओटीपी. चहावालाही क्यूआर कोड पुढे करतो. खिशात सुट्टे पैसे ठेवायला सांगा.

वर्गाचं काय? तिथे दोन गोष्टी होतात. पहिली, सर इंग्रजीत सुरू करतात, दहाव्या मिनिटाला मराठीत उतरतात. मी यासाठी सरांना दोष देणार नाही. समोर चोपड्याची, पारोळ्याची, साक्रीची पोरं बसलेली असतात, त्यांच्या डोळ्यांत प्रकाश पडतो तो मराठीतच. एकाच्या सोयीसाठी चाळीस जणांचा घास काढू नये. पण फळ्यावर इंग्रजी शब्द आणि आकृती आल्या, आणि शेवटची पाच मिनिटं इंग्रजीत पुन्हा सांगितली, तर दोघांचं भागतं. दुसरी गोष्ट व्हॉट्सअॅप. वर्गाच्या ग्रुपवर सूचना येते ती रोमन लिपीतल्या मराठीत, तीही निम्मे स्वर गाळून: उद्याचं प्रॅक्टिकल दोनला आहे की नाही, हे तिथे भाषांतराच्या अॅपच्या बापाला कळत नाही. मग आपण म्हणतो, परदेशी मुलं वेळ पाळत नाहीत! एका विद्यार्थ्याकडे फक्त एवढंच काम द्या: ग्रुपवर काही महत्त्वाचं आलं की त्या तिघांना एक ओळ इंग्रजीत पाठवायची.

हा विद्यार्थी कोण असावा, इथे मी अडून बसणार आहे. तुम्ही बहुतेक वर्गातली पहिली आलेली, इंग्रजी शाळेतली, निवेदन करणारी मुलगी निवडली असेल. तिला बदला. होस्टेलमध्ये अक्कलकुव्याकडचं, धडगावकडचं एखादं पोर असेल, ज्याची घरची बोली पावरी किंवा भिली, जो बारावीपर्यंत आश्रमशाळेत होता आणि पहिल्या वर्षी जळगावात मेसच्या रांगेत काय बोलायचं याची मनात तालीम करून उभा राहायचा. त्याला निवडा. इंग्रजी मोडकं असेल, असू दे. दुसऱ्याचा मुलूख अंगावर कसा येतो हे त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. मी स्वतः अमळनेरहून पुण्याला शिकायला गेले, आपलं जळगावचं विद्यापीठ व्हायच्या आधी, म्हणजे १९९० च्या आधी. माझं 'काय वं माय' ऐकून खोलीतल्या मुली हसायच्या, प्रेमानेच. मी सहा महिने कमी बोलले. मला ज्या मुलीने बोलतं केलं ती पुण्याची नव्हती, सोलापूरकडची होती. तिच्याही बोलण्याला हसायचे.

म्हणूनच त्या तिघांना आपली अहिराणी बोलीही कानावर पडू द्या. पुस्तकातून ती 'तुमचं नाव काय आहे?' शिकतात आणि आठवडी बाजारात त्यांना 'तुनं नाव काय शे?' ऐकू येतं. त्यांना वाटतं आपण भलतीच भाषा शिकलो. दोन्ही आपल्याच आहेत, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगायला हवं होतं. टांझानियाच्या मुलाने बसस्टँडवर एखाद्याला उलट 'काय भो?' केलं की हाका मारणाऱ्यांची निम्मी हवा तिथेच जाईल.

राहिलात तुम्ही. तीन पोरांची जबाबदारी एका बाईवर टाकून प्राचार्य मोकळे झालेत, आणि रात्री अकराला 'मॅम, गीझर नॉट वर्किंग' असा मेसेज तुम्हाला येतो, बरोबर? गीझरचा माणूस वेगळा, कागदाचा वेगळा, तब्येतीचा वेगळा, असं वाटून घ्या आणि नावं-नंबर एका कागदावर तिघांना द्या. तुम्ही आठवड्यातून एकदा भेटा, ठरलेल्या वारी, चहाच्या टपरीवर, ऑफिसात नाही. तुम्हाला राग येतोय तो त्या मुलांचा नाही. दोन महिने रविवार न मिळालेली बाई आहात तुम्हीही.

आणि पुढचा सत्कार आला की, येईलच, गणपती मंडळाचा नाही तर पतसंस्थेचा, तेव्हा 'त्यांना विचारून सांगते' एवढंच म्हणा. मग खरंच विचारा. 'नको' म्हणाले तर मंडळाला तुम्ही कळवा, त्यांना कळवायला लावू नका. अजिंठाही आता पुरे. माझा अंदाज आहे की जर्मनीची मुलगी तीनदा जाऊन आलीय.

तुमची,
ताई

ता.क. उगालीसाठी पांढरा मका मिळाला तर बघा. आपला पिवळा चालतो, पण चव वेगळी लागते. गिरणीत भाकरीसारखं बारीक दळून आणा. आणि पहिल्या वेळी मावशींनी वर फोडणी घालायचा आग्रह धरला तर तेवढं मात्र तुम्ही मध्ये पडून थांबवा.